डोंगर गावाचा, दगड कोणाचा? : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

गेल्या काही महिन्यांत या सदराकडे आलेल्या पत्रांमध्ये खाणी, खडी, मुरूम आणि डोंगरफोड यांविषयीची पत्रे पुष्कळ आहेत. पुण्याभोवती वर्तुळाकार रस्ता, मेट्रोच्या मार्गिका आणि उंच इमारती यांची कामे एकाच वेळी चालू असताना हे स्वाभाविकच म्हणावे लागेल, कारण या सगळ्याला लागणारी खडी आणि मुरूम कुठल्या तरी गावाच्या शिवारातूनच येतो. म्हणून या अंकात फक्त याच विषयावरचे प्रश्न घेतले आहेत. पत्रे संक्षिप्त केली असून पत्रलेखकांच्या इच्छेनुसार त्यांची नावे दिलेली नाहीत.

प्रश्न : आमच्या गावच्या गायरानाला लागून असलेल्या डोंगरावर आणि गायरानाच्याही काही भागात दगडाची खाण सुरू झाली आहे. खाण चालवणारे सांगतात की सरकारकडून रीतसर पट्टा घेतला आहे. ग्रामपंचायतीकडे त्याचा एकही कागद नाही. सुरुंगांमुळे काही घरांच्या भिंतींना तडे गेले आहेत. गायरान गावाचे असताना सरकार ते परस्पर खाणीला देऊ शकते का? गावाने नेमके काय करावे? (पुणे जिल्ह्यातील एक ग्रामस्थ)

उत्तर : तुमच्या प्रश्नात दोन हक्क एकत्र आले आहेत, ते आधी वेगळे करून पाहू. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम २० प्रमाणे ज्या जमिनी दुसऱ्या कोणाच्या मालकीच्या नाहीत त्या, तसेच नद्यांची पात्रे, नाले आणि तलाव, हे सगळे राज्य शासनाच्या मालकीचे आहे. कलम २२ प्रमाणे त्यातल्या काही जमिनी गुरांच्या मोफत चराईसाठी किंवा अन्य सार्वजनिक हेतूसाठी राखून ठेवल्या जातात. आपण ज्याला गायरान किंवा गुरचरण म्हणतो ते हेच. म्हणजे जमीन शासनाची, पण तिचा उपयोग गावासाठी बांधलेला; आणि हा राखीव हेतू जिल्हाधिकाऱ्यांच्या मंजुरीवाचून बदलता येत नाही. खनिजाची गोष्ट याहून निराळी आहे. त्याच संहितेच्या कलम ४८ ने जमिनीच्या पृष्ठभागावर किंवा पोटात, जुन्या खाणीत, शेतात, बांधात, नाल्यात किंवा नदीपात्रात कोठेही सापडणाऱ्या खनिजाचा हक्क राज्य शासनाकडे राखून ठेवला आहे. शासनाने दिलेल्या एखाद्या सनदेत स्पष्टपणे वेगळे लिहिले असेल तेवढाच अपवाद. त्यामुळे गायरान उद्या ग्रामपंचायतीच्या ताब्यात दिले, तरी त्यातला दगड ग्रामपंचायतीचा होत नाही.

यातून तुमच्या हाती एक महत्त्वाचा मुद्दा येतो. गायरानात खाण चालवायची असेल तर खनिज काढण्याची परवानगी आणि चराईचा राखीव हेतू बदलण्याचा आदेश अशा दोन गोष्टी लागतात. पहिली दाखवली म्हणजे दुसरी आहेच असे धरून चालू नका. सर्वोच्च न्यायालयाने जगपाल सिंग विरुद्ध पंजाब राज्य या खटल्यात २८ जानेवारी २०११ रोजी गावांच्या सामायिक जमिनी वाचवण्याबाबत सर्व राज्यांना कडक निर्देश दिले आणि त्यानंतर आपल्या राज्य शासनाने १२ जुलै २०११ रोजी गायराने व सार्वजनिक वापराच्या जमिनींबाबतचा शासन निर्णय काढला. तुमचा अर्ज लिहिताना हे दोन्ही संदर्भ तारखांसह अवश्य द्या.

आता कागदपत्रांविषयी. बांधकामाचा दगड, खडी, मुरूम, साधी माती आणि साधी वाळू ही गौण खनिजे आहेत. खाणी व खनिजे (विकास व विनियमन) अधिनियम, १९५७ हा केंद्राचा कायदा असला, तरी त्याच्या कलम १५ ने गौण खनिजांचे नियम करण्याचा अधिकार राज्यांना दिला आहे, आणि आपल्याकडे त्यासाठी २०१३ चे गौण खनिज उत्खनन नियम लागू आहेत. तेव्हा माहितीच्या अधिकारात जिल्हा खनिकर्म अधिकाऱ्यांकडे खाणपट्ट्याचा किंवा तात्पुरत्या परवान्याचा आदेश, करारनामा, गट क्रमांकासह सीमांकनाचा मोजणी नकाशा, मंजूर खाणकाम आराखडा, पर्यावरण मंजुरी आणि आतापर्यंत भरलेल्या स्वामित्वधनाचा (खनिजासाठी शासनाला द्यायच्या रॉयल्टीचा) तपशील मागा. खाणीजवळ खडीक्रशर असेल तर त्यासाठी प्रदूषण नियंत्रण मंडळाचे संमतिपत्र वेगळे लागते. ‘खाण लहान आहे, तिला पर्यावरण मंजुरी लागत नाही’ असे उत्तर मिळाले तर ते स्वीकारू नका. दीपक कुमार विरुद्ध हरियाणा राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २७ फेब्रुवारी २०१२ रोजी पाच हेक्टरांपेक्षा लहान खाणपट्ट्यांनाही ही मंजुरी आवश्यक केली, कारण मोठ्या क्षेत्राचे तुकडे पाडून मंजुरी टाळण्याची वाट सर्रास वापरली जात होती. पुढे २०१६ च्या अधिसूचनेने जिल्हा सर्वेक्षण अहवाल, म्हणजे जिल्ह्यात कोठे उत्खनन करता येईल याची नोंद, आणला. त्याचा मसुदा हरकतींसाठी २१ दिवस लोकांसमोर ठेवावा लागतो. माझ्या मते गावाने सर्वांत जागरूक राहावे ते या टप्प्यावर. खाण सुरू झाल्यावर ती थांबवणे कठीण असते, पण अहवालात एखादा डोंगर उत्खननयोग्य म्हणून नोंदला जाण्याआधी हरकत घेणे त्या मानाने पुष्कळ सोपे असते.

गावातून जाणाऱ्या गाड्यांकडेही लक्ष द्या. गौण खनिज वाहून नेणाऱ्या प्रत्येक गाडीसाठी ‘महाखनिज’ या संगणकीय प्रणालीतून वाहतूक पास काढावा लागतो. त्यावर गाडीचा क्रमांक, खनिजाचा प्रकार, ब्रासमधील (एक ब्रास म्हणजे १०० घनफूट) परिमाण, माल कोठून निघाला व कोठे जाणार आणि पास किती वेळ चालेल हे सगळे नमूद असते. एकाच पासवर दोन खेपा होत असतील, किंवा पासवर दोन ब्रास आणि गाडीत चार ब्रास असा प्रकार असेल, तर गाडीचा क्रमांक, दिवस आणि वेळ लिहून ठेवलेली साधी वही ही भाषणांपेक्षा जास्त उपयोगी पडते. मात्र गाड्या अडवण्याचे किंवा चालकांशी झटापटीचे काम गावकऱ्यांनी करू नये. तो अधिकार महसूल अधिकाऱ्यांचा व पोलिसांचा आहे, आणि अशा झटापटीत गावाचीच बाजू लंगडी पडते.

तडे गेलेल्या भिंतींची तारखेसह छायाचित्रे काढा, घरमालकांचे लेखी जबाब घ्या आणि सुरुंग कोणत्या वेळी उडतात याची नोंद ठेवा. स्फोटकांचा परवाना कोणाच्या नावावर आहे आणि प्रशिक्षित ब्लास्टर नेमला आहे का, हीही माहिती लेखी मागा. अर्जांनी काम झाले नाही तर राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाचे पश्चिम विभागीय खंडपीठ पुण्यातच आहे, तिकडे जाता येते. अन्य जिल्ह्यांतील लोकांना त्यासाठी प्रवास करून यावे लागते, तुम्हाला ते घराजवळ आहे. पर्यावरणाच्या हानीसंबंधीचा अर्ज वादाचे कारण प्रथम घडल्यापासून सहा महिन्यांत करावा लागतो, सबळ कारण असल्यास आणखी ६० दिवस मिळू शकतात. नुकसानभरपाईची किंवा पर्यावरण पूर्ववत करण्याची मागणी पाच वर्षांच्या आत करता येते. पर्यावरण मंजुरीलाच आव्हान द्यायचे असेल तर मुदत अवघी ३० दिवसांची आहे, तीही जास्तीत जास्त ६० दिवसांनी वाढू शकते. नुकसानभरपाई मागितलेली नसेल तर अर्जाचे शुल्क एक हजार रुपये आहे आणि अर्जदाराला स्वतः बाजू मांडता येते. मुदत टळून गेल्यामुळे चांगली प्रकरणे वाया गेलेली मी पाहिली आहेत, म्हणून ग्रामसभेचा ठराव, पत्रव्यवहार आणि स्मरणपत्रे यांत हे सहा महिने निघून जाऊ देऊ नका.

प्रश्न : रस्त्याच्या कामावरील ठेकेदाराने माझी चढाची जमीन फुकटात सपाट करून देतो असे सांगून तिथला मुरूम नेला. मला एक रुपयाही मिळाला नाही. आता तहसील कार्यालयाकडून माझ्या नावाने दंडाची नोटीस आली आहे. जमीन माझ्या वडिलोपार्जित मालकीची आहे, सातबारा माझ्या नावावर आहे. मग हा दंड कसा? (पुरंदर तालुक्यातील एक शेतकरी)

उत्तर : सातबारा जमिनीचा आहे, खनिजाचा नाही, हे वरच्या उत्तरात आलेच. २०१३ मध्ये केरळमधील एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने भूमिगत खनिज सर्वसाधारणपणे जमीनमालकाचे असते असे म्हटले होते, आणि त्या निकालाची कात्रणे घेऊन अनेक जण येतात. पण कायद्याने तो हक्क काढून घेतलेला नसेल तरच, हे त्याच निकालात आहे; आणि आपल्या राज्यात कलम ४८ नेमके तेच करते. पोटकलम (७) प्रमाणे परवानगीवाचून खनिज काढणाऱ्या, हलवणाऱ्या, गोळा करणाऱ्या, उचलणाऱ्या किंवा त्याची विल्हेवाट लावणाऱ्या व्यक्तीला बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत दंड होऊ शकतो. शेताच्या बांधांची दुरुस्ती करत होतो ही सबब चालणार नाही, असे त्या पोटकलमाने मुद्दाम नमूद केले आहे. शेतकऱ्याच्या स्वतःच्या शेती व घरगुती वापरासाठी नियमांत सवलती आहेत, परंतु मुरूम शेताबाहेर जाऊन सार्वजनिक रस्त्यावर पडला की त्या सवलतीचा आधार राहत नाही.

तरीही तुमची बाजू कमकुवत आहे असे मला वाटत नाही. पोटकलम (७) मध्ये रोख आहे तो खनिज काढणाऱ्यावर आणि नेणाऱ्यावर. नोटीस मात्र सातबाऱ्यावरचे नाव बघून निघते, कारण ते नाव सहज सापडते. ठेकेदाराशी झालेला कुठलाही कागद, मोबाइलवरचे संदेश, पोकलेन आणि डंपर यांचे क्रमांक, शेजाऱ्यांचे जबाब हे सगळे जोडून लेखी खुलासा द्या आणि मुरूम ज्या सरकारी कामावर गेला त्या कामाच्या देयकातून स्वामित्वधन कापले गेले आहे का, ही माहिती बांधकाम विभागाकडे मागा. रस्त्याच्या ठेकेदारांच्या देयकांतून अशी कपात केली जाते आणि तिची नोंद मिळाली तर मुरूम कोणी नेला हा प्रश्नच उरत नाही.

दुसरी गोष्ट मोजमापाची. समजा पंचनाम्यात खड्डा ५० फूट लांब, ४० फूट रुंद आणि पाच फूट खोल असा लिहिला. तर १०,००० घनफूट, म्हणजे १०० ब्रास झाले. पण तुमची जमीन चढाची होती. चढाकडील बाजू पाच फूट कापली गेली आणि उताराकडील बाजू जवळजवळ कापलीच नाही, तर सरासरी खोली अडीच फूट येते आणि परिमाण ५० ब्रासवर उतरते. बाजारभाव ब्रासला एक हजार रुपये धरला तर पाचपटीने दंड पाच लाखांऐवजी अडीच लाख होतो. स्वामित्वधन वेगळे, २०२१ मध्ये त्याचा दर ब्रासला ४०० वरून ६०० रुपये झाला. म्हणून डोळ्यांनी अंदाज करून लिहिलेला पंचनामा मान्य करू नका. ईटीएस या इलेक्ट्रॉनिक मोजणी यंत्राने मोजणी करण्याची लेखी मागणी करा आणि मोजणीच्या वेळी स्वतः हजर राहा. गाड्यांच्या खेपांवरून परिमाण काढले असेल तर खोदल्यावर मुरूम फुगतो हेही निदर्शनास आणा.

तुमचे म्हणणे ऐकून न घेता आदेश झाला असेल तर तो त्याच मुद्द्यावर टिकणे अवघड आहे. तहसीलदारांच्या आदेशाविरुद्ध उपविभागीय अधिकाऱ्यांकडे, म्हणजे प्रांतांकडे, ६० दिवसांत अपील करता येते. अपिलासोबत स्थगितीचा अर्ज न विसरता जोडा, नाहीतर अपील चालू असतानाच सातबाऱ्यावर बोजा चढतो. खाण अधिनियमाच्या कलम २१ खाली फौजदारी खटलाही होऊ शकतो. त्यात पाच वर्षांपर्यंत कैद आणि हेक्टरी पाच लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. चोरीचा गुन्हाही वेगळा दाखल होऊ शकतो हे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये स्पष्ट केले आहे. तेव्हा ठेकेदाराविरुद्धची तुमची तक्रार आजच नोंदवून ठेवणे हिताचे आहे. आपल्याकडे शेतकऱ्याला असे ‘फुकट’ सपाटीकरण पुष्कळदा देऊ केले जाते. परवान्याची प्रत हातात पडल्याशिवाय पोकलेनला शेतात पाऊल टाकू देऊ नका.

प्रश्न : आमच्या सोसायटीचा पुनर्विकास चालू आहे. तळघराच्या खोदाईत निघालेल्या मातीसाठी मोठी रक्कम भरावी लागेल आणि तिचा भार सभासदांवर येईल, असे विकसक सांगत आहेत. स्वतःच्या भूखंडावरच्या मातीसाठी सरकारला पैसे का द्यायचे? (कोथरूड, पुणे)

उत्तर : या प्रश्नाचा निकाल पुण्याच्याच प्रकरणात लागला आहे. पुण्यातील बांधकाम व्यावसायिकांच्या संघटनेने राज्य शासनाविरुद्ध नेलेल्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ३ डिसेंबर २०१४ रोजी निर्णय दिला. साधी माती गौण खनिज ठरली ती केंद्राच्या ३ फेब्रुवारी २००० च्या अधिसूचनेने, आणि तीही भरावासाठी किंवा सपाटीकरणासाठी वापरली जाते तेवढ्यापुरती. म्हणून केवळ पाया खोदला या कारणावरून आकारणी होऊ शकत नाही. निघालेल्या मातीचा उपयोग कशासाठी झाला हे प्रत्येक प्रकरणात तपासले पाहिजे, असे न्यायालयाने म्हटले. पुढे २०१५ मध्ये राज्याच्या नियमांतही भर घालण्यात आली आणि भूखंड विकसित करताना निघालेली माती त्याच भूखंडावर सपाटीकरणाला किंवा विकासकामाला वापरली तर स्वामित्वधन लागत नाही, हे स्पष्ट झाले.

माती बाहेर जाते तेव्हा मात्र परवाना आणि पास दोन्ही लागतात. दोन-तीन मजली तळघरांत पुण्यात मातीखाली लगेच मुरूम आणि काळा कातळ लागतो. तो भूखंडावर मावत नाही, बाहेर जातोच. विकसकाकडून परिमाणाचा तक्ता आणि भरलेल्या रकमेची चलने मागा. हा भार कोणी उचलायचा हे विकसन करारावर अवलंबून आहे, आणि करारात सर्व शासकीय आकार विकसकाने भरायचे असे असेल, जसे ते बहुधा असते, तर सभासदांकडे मागणी करण्याला आधार नाही.

प्रश्न : मी निवृत्त शिक्षक असून स्फटिक गोळा करण्याचा मला छंद आहे. वाघोलीच्या खाणींत मिळणारे निळे कॅव्हन्साइट माझ्या संग्रहात आहे. माझी भाची नोकरीनिमित्त अमेरिकेत नेवाडा राज्यात असते. ती सांगते की तिकडे सरकारी जमिनीवर कोणीही चार खुंट्या ठोकून खनिजावर हक्क सांगू शकतो. हे खरे आहे का? आणि आपल्याकडे अशी सोय का नाही? (विमाननगर, पुणे)

उत्तर : तुमच्या पत्राने आनंद झाला, कारण वाघोलीचे कॅव्हन्साइट हे पुण्याचे एक वैभव आहे आणि पुणेकरांनाच त्याची फारशी माहिती नाही. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाच्या कातळात राहिलेल्या पोकळ्यांमध्ये स्टिल्बाइटच्या पांढुरक्या स्फटिकांवर मोरपिशी निळ्या रंगाचे हे छोटे गोळे बसलेले असतात. या खनिजाचे पहिले शास्त्रीय वर्णन १९७३ मध्ये अमेरिकेतील ओरेगॉनच्या नमुन्यांवरून झाले, परंतु जगभरच्या संग्रहालयांत मिरवणारे देखणे नमुने वाघोलीचेच आहेत.

भाचीचे म्हणणे बऱ्याच अंशी खरे आहे, ‘कोणीही’ हा शब्द सोडून. अमेरिकेत १० मे १८७२ रोजी झालेला खाण कायदा आजही लागू आहे. पश्चिमेकडील राज्ये वसवण्याच्या काळातला तो कायदा आहे आणि त्याचे तत्त्व असे, की संघराज्याच्या मालकीच्या व खाणकामाला खुल्या असलेल्या जमिनीवर ज्याला मौल्यवान खनिज सापडेल त्याने हद्दीच्या खुणा रोवून दावा नोंदवावा. शिरेतल्या, म्हणजे खडकातील भेगांत भरलेल्या, खनिजासाठी एक दावा जास्तीत जास्त १,५०० फूट लांब आणि ६०० फूट रुंद असतो, गाळातल्या खनिजासाठी माणशी २० एकर. दाव्याची नोंद ९० दिवसांत भूव्यवस्थापन विभागाकडे करावी लागते आणि तो टिकवण्यासाठी दरवर्षी शुल्क भरावे लागते. २०२४ मध्ये ते दाव्यामागे २०० डॉलर झाले. पण दावा करणारी व्यक्ती अमेरिकेची नागरिक असावी लागते किंवा तिने नागरिक होण्याचा इरादा जाहीर केलेला असावा लागतो. भाची नोकरीच्या व्हिसावर असेल तर तिला हा मार्ग खुला नाही. खुंट्या ठोकल्या म्हणजे हक्क पक्का झाला असेही नाही. शहाणा माणूस आपले श्रम आणि पैसा त्यात घालील इतके ते खनिज खरोखर मोलाचे आहे, ही कसोटी १८९४ पासून लावली जाते, आणि फायद्यात विकता येण्याची अट न्यायालयाने १९६८ मध्ये तिला जोडली. कोळसा आणि तेल १९२० पासून वेगळ्या कायद्याखाली भाडेपट्ट्याने दिले जाते; साधी वाळू, दगड आणि खडी १९५५ मध्ये या दाव्यांच्या कक्षेतून बाहेर काढण्यात आली. नुसत्या छंदासाठी मात्र भाचीला दाव्याची गरजच नाही, कारण तिकडच्या बहुतेक खुल्या सरकारी जमिनींवर स्वतःच्या संग्रहापुरते खडे उचलायला मुभा असते. दुसऱ्याच्या दाव्यावर तेवढे पाऊल टाकू नये.

आपल्याकडे ही सोय का नाही, याचे उत्तर देण्याआधी तिकडे काय झाले ते पाहायला हवे. सोने-चांदी-तांबे यांसारख्या खनिजांवर या कायद्याखाली संघराज्याला आजही स्वामित्वधन मिळत नाही. शिवाय दावेदाराला एकरी अडीच किंवा पाच डॉलर भरून ती जमीनच कायमची विकत घेता येत असे. १९९४ मध्ये नेवाडातच सुमारे १,९५० एकर सार्वजनिक जमीन दहा हजार डॉलरांहूनही कमी रकमेत एका खाणकंपनीला द्यावी लागली, आणि तिच्या पोटातल्या सोन्याचे मूल्य १,००० कोटी डॉलर सांगितले जात होते. त्याच वर्षी तिथल्या काँग्रेसने नव्या जमीनविक्रीचे अर्ज स्वीकारणे थांबवले, आणि ती बंदी दरवर्षी पुढे चालू ठेवली जात आहे. दीडशे वर्षांपूर्वी एकट्यादुकट्या शोधकासाठी केलेला नियम मोठ्या कंपनीच्या हातात गेला की लोकांच्या मालमत्तेचे काय होते, याचे याहून बोलके उदाहरण मला ठाऊक नाही.

भारतात खनिज हे आधीपासून राज्याकडे आणि शोधकाला परवाना, अशी मांडणी आहे. १९५७ च्या कायद्याच्या कलम ४ प्रमाणे परवाना किंवा पट्टा असल्याशिवाय शोधसुद्धा घेता येत नाही. आपली पद्धतही निर्दोष नव्हती. अर्ज येतील त्या क्रमाने किंवा अधिकाऱ्यांच्या मर्जीने पट्टे दिले जात, आणि २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कोळशाची दोनशेहून अधिक वाटपे रद्द केली, ती अशाच अपारदर्शक वाटपामुळे. त्यानंतर १२ जानेवारी २०१५ पासून प्रमुख खनिजांचे पट्टे लिलावानेच देण्याची दुरुस्ती झाली. २०२३ च्या दुरुस्तीने लिथियमसारख्या २९ खनिजांसाठी केवळ शोध घेण्याचा वेगळा परवाना आणला, आणि त्यात शोधकाला पुढील लिलावाच्या रकमेत वाटा मिळतो. लिलाव मला अधिक न्याय्य वाटतो, कारण सार्वजनिक वस्तूची किंमत सर्वांसमोर ठरते.

तुमच्या संग्रहाबाबत स्पष्ट सांगायचे तर चालू खाणीत परवानगीवाचून जाऊ नका. तिथला खडक सैल असतो आणि कायद्यानेही ती जागा पट्टेदाराच्या ताब्यात आहे. पुरंदरच्या शेतकऱ्याला दिलेल्या उत्तरात पोटकलम (७) चे शब्द आले आहेत. त्यात ‘उचलणे’ही आहे आणि हौशी संग्राहकाला वेगळी सूट नाही. पट्टेदाराची लेखी संमती आणि विकत घेतला असल्यास पावती जवळ ठेवा. नमुन्यामागे सापडल्याचे ठिकाण आणि तारीख लिहून ठेवलेली असेल तर अशा संग्रहाचे शास्त्रीय मोलही वाढते. वाघोलीचे शहरीकरण होत असताना जुन्या खाणी बुजत आहेत. तुमचा संग्रह पुढेमागे एखाद्या महाविद्यालयाच्या भूशास्त्र विभागाला द्यावा, अशी माझी मनापासून विनंती आहे.

प्रश्न : आमचे गाव भीमाशंकरच्या बाजूला असून बहुतेक वस्ती महादेव कोळी समाजाची आहे. डोंगरात खाण येणार अशी चर्चा आहे. आमच्या ग्रामसभेला ती नाकारता येईल का? (आंबेगाव तालुका)

उत्तर : पुणे जिल्ह्यात आंबेगाव आणि जुन्नर या तालुक्यांचा काही भाग अनुसूचित क्षेत्रात, म्हणजे राज्यघटनेखाली जाहीर झालेल्या आदिवासी क्षेत्रात, येतो. तुमचे गाव त्या यादीत आहे याची आधी खात्री करा, कारण पुढचे सगळे त्यावर अवलंबून आहे. यादीत असेल तर अनुसूचित क्षेत्रांतील पंचायतींसाठीचा १९९६ चा पेसा कायदा लागू होतो. त्याच्या कलम ४ प्रमाणे गौण खनिजाचा पूर्वेक्षण (शोध घेण्याचा) परवाना, खाणपट्टा किंवा लिलाव यांपूर्वी ग्रामसभेची किंवा योग्य स्तरावरील पंचायतीची शिफारस बंधनकारक आहे. शिफारशीवाचून दिलेला पट्टा त्या एकाच कारणावरून आव्हान देण्याजोगा ठरतो. ठराव करताना ‘विरोध आहे’ एवढेच लिहून थांबू नका. कोणते झरे, कोणती देवराई, कोणती चराईची वाट आणि किती घरांचे हिरडा गोळा करण्याचे उत्पन्न बाधित होईल, हे गट क्रमांकांसह लिहा. ओडिशातील नियमगिरी डोंगरावरच्या खाणीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १८ एप्रिल २०१३ रोजी निर्णय ग्रामसभांकडे सोपवला आणि बाराही ग्रामसभांनी खाण नाकारली. तिथल्या लोकांनी आपल्या डोंगराशी असलेले नाते ग्रामसभांत सविस्तर नोंदवले होते.

जमीन वनाची असेल तर १९८० च्या वन कायद्याखाली केंद्राची पूर्वमान्यता लागते, आणि २००६ च्या वनहक्क कायद्याखाली तुमचे सामूहिक हक्कांचे दावे प्रलंबित असतील तर ते निकालात निघेपर्यंत जमीन वळती करता येत नाही. सामूहिक दावा अजून दाखल केला नसेल तर खाणीचा अर्ज येण्याची वाट न पाहता तो आधी दाखल करा.

तुमच्या बाबतीत सर्वांत मजबूत आधार मात्र अभयारण्याचा आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या २६ एप्रिल २०२३ च्या आदेशाप्रमाणे राष्ट्रीय उद्याने आणि अभयारण्ये यांच्या आत, तसेच त्यांच्या हद्दीपासून एक किलोमीटरपर्यंत, खाणकामाला परवानगी देता येत नाही. भीमाशंकर अभयारण्याच्या अधिसूचित हद्दीचा नकाशा वन विभागाकडून मागवा, भूमी अभिलेख कार्यालयाकडे प्रस्तावित जागेच्या मोजणीचा अर्ज करा आणि दोन्ही नकाशे एकत्र ठेवून अंतर काढा. ते एक किलोमीटरच्या आत असेल तर ग्रामसभेच्या ठरावासोबत तोच नकाशा जोडून जिल्हाधिकारी आणि उपवनसंरक्षक या दोघांकडे पोच घेऊन द्या.